फुकटचं सरपण सगळ्यात महाग पडतं



आज पिकाचं नाही, चुलीचं लिहितोय. दिवाळीनंतर कापूस वेचायला बाहेरची माणसं येतील, ऊसतोडीच्या कोप्या उभ्या राहतील, गव्हा-कांद्याच्या पाण्यासाठी आपण स्वतः रात्री शेतात राहू. या सगळ्यांना रोज दोन वेळा काहीतरी शिजवायचं असतं. आणि ते कशावर शिजतं याचा हिशोब आपल्या कोणाच्याच वहीत नसतो. बियाणं लिहितो, खत लिहितो, फवारणी लिहितो, वेचणी किलोने लिहितो. जळणाचा रकाना मी स्वतः 2023 पर्यंत कधी काढला नव्हता. तो का काढावा लागला ते खाली सांगतो. आधी हिशोब बघू.

निमित्त झालं पुतण्याचं. तो पुण्याला असतो, सह्याद्रीत ट्रेकला जातो. मागच्या थंडीत मित्रांना घेऊन हुरड्याला आला आणि पिशवीतून तळहाताएवढा स्टोव्ह काढला. खाली गॅसचा डबा लावायचा, वर पातेलं. “काका, पाच मिनिटांत चहा.” झाला पाच मिनिटांत. मलाही आवडला. रात्री बाऱ्यावर जाताना पिशवीत टाकला की झालं, असं वाटलं. डब्याची किंमत विचारली. 225 ग्रॅमचा डबा, 180 रुपये. मी मनातल्या मनात भागाकार केला, किलोला 800 रुपये झाले. घरच्या टाकीतला तोच गॅस किलोला 60 रुपयांना पडत होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच स्टोव्हवर चहा ठेवला तर ज्योत मेणबत्तीएवढी. रात्रभर डबा बाहेर दवात पडला होता. कारण सोपं आहे. त्या डब्यात मुख्यतः ब्युटेन असतो आणि त्याची वाफ शून्य अंशाच्या आसपास व्हायची थांबते. पहाटे सात-आठ अंश असतात, त्यात गॅस जळताना डबा स्वतः आणखी गार होत जातो, त्यामुळे दाब पडतो. आपल्या स्वयंपाकाच्या टाकीत ब्युटेनबरोबर प्रोपेनही असतो, तो उणे 42 अंशाला उकळतो, म्हणून थंडीत ती टाकी तेवढी रुसत नाही. पुतण्याने डबा काखेत धरून गरम केला आणि चहा पूर्ण केला. (डबा विस्तवाजवळ कधीही धरायचा नाही, काखेतच.)

त्या दिवशी डोक्यात आलं की शेतावर वापरता येईल अशा सगळ्या इंधनांचा एकदा नीट हिशोब मांडावा. मांडला.

माप एकच ठेवलं आहे. पाच लिटर पाणी 20 अंशांवरून उकळीला आणायचं. त्याला 400 किलोकॅलरी उष्णता पाण्यात जावी लागते, इंधन कोणतंही असो. फरक पडतो तो इंधनात किती उष्णता आहे आणि चूल त्यातली किती वाया घालवते यात. भाव मला इथे, शेवगाव-पैठण पट्ट्यात, 2025 मध्ये पडले ते धरलेत. तुमचे वेगळे असतील, ते टाकून बघा.

1) घरगुती गॅस, 14.2 किलोची टाकी, साधारण 860 रुपये. गॅस लागतो 60 ग्रॅम. खर्च 3 रुपये 60 पैसे.

2) पाच किलोची छोटी टाकी, भरून 500 रुपये. गॅस तेवढाच, 60 ग्रॅम. खर्च 6 रुपये.

3) खुल्या बाजारातलं रॉकेल, 110 रुपये लिटर. वातीच्या स्टोव्हवर 110 मिली. खर्च 12 रुपये.

4) विकतचं लाकूड, 8 रुपये किलो. तीन दगडांच्या चुलीवर 900 ग्रॅम. खर्च 7 रुपये. तेच सुधारित चुलीवर साडेचारशे ग्रॅम, साडेतीन रुपये.

5) स्पिरिट, 200 रुपये लिटर. 180 मिली. खर्च 36 रुपये.

6) ट्रेकवाला गॅसचा डबा. उघड्यावर वाऱ्यात 75 ग्रॅम. खर्च 60 रुपये.

7) इंडक्शन शेगडी, घरगुती मीटरवर 8 रुपये युनिट धरून. 0.6 युनिट. खर्च 4 रुपये 80 पैसे.

8) गोबरगॅस. दीडशे ते एकशेसाठ लिटर गॅस. रोजचा खर्च शून्य, शेण टाकायची मेहनत तेवढी.

हे कागदावरचं गणित आहे. वारा सुटला, पातेलं काळं झालेलं असलं, झाकण नसलं की आकडे वर जातात. पण कोण कोणाच्या पुढे, हा क्रम फारसा हलत नाही.

आता एकेक घेऊ. कारण भाव ही अर्धीच गोष्ट आहे. वस्तू हाताशी मिळते का, ही दुसरी अर्धी.

रॉकेल

माझ्या पिढीचा जीव रॉकेलवर. पंपाचा स्टोव्ह, काकडा पेटवून बर्नर तापवायचा, हवा मारायची, मधेच बंद पडला की पिन मारायची, वायसर सुकलं की तेल सोडायचं. रात्रीच्या बाऱ्याला कंदील आणि स्टोव्ह एकाच कॅनवर चालायचे. रेशनचं निळं रॉकेल तेव्हा स्वस्त होतं म्हणून ते परवडत होतं. 2016 च्या जुलैपासून त्याचा भाव दर महिन्याला 25 पैशांनी वाढवत नेला, पुढे दर पंधरवड्याला. गॅस असलेल्यांचं रॉकेल कार्डावरून गेलं. आज आमच्या गावच्या रेशन दुकानात रॉकेलची टाकी उलटी पडलेली आहे, तिच्यावर शेळ्या चढतात.

खुल्या बाजारातलं पांढरं रॉकेल मिळतं, पण तालुक्याला दोन-चार ठिकाणी विचारावं लागतं आणि भावात ते गॅसच्या दुप्पट पडतं. म्हणून काही जण ट्रॅक्टरचं डिझेल वातीच्या स्टोव्हमध्ये टाकतात. काजळी इतकी धरते की भाकरीला वास येतो, खोपटात बसवत नाही. आणि काही शहाणे रॉकेलमध्ये पेट्रोल मिसळतात. ते अजिबात करू नका. पेट्रोलची वाफ साध्या हवेतही पेट घेते, स्टोव्ह फुटायला निमित्त लागत नाही.

जुन्या स्टोव्हची मलाही आठवण येते. पण हिशोबात तो संपला.

स्पिरिट

मुंगळ्यासारखा छोटा स्टोव्ह, आवाज नाही, पंप नाही. पण महाग आणि दिवसा ज्योत दिसत नाही. विझला समजून वरून स्पिरिट ओतलं की बाटलीपर्यंत जाळ येतो. शिवाय बाजारातल्या स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकतं, ते विष आहे. मजुरांच्या वस्तीवर, लहान पोरं आणि दारू पिणारी माणसं असतील तिथे ही बाटली ठेवूच नये.

वीज

साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल सरकार भरतंय, एप्रिल 2024 पासून. त्यामुळे बरेच जण म्हणतात, पंपाच्या पेटीतून वायर काढली आणि कॉइलची शेगडी लावली की फुकट स्वयंपाक. दोन गोष्टी. एक, पंपाची जोडणी पंपासाठी असते, दुसऱ्या कामाला वापरली तर तो अनधिकृत वापर धरला जातो आणि दंड होतो. दोन, ओल्या पायांनी, उघड्या कॉइलवर, स्टार्टरजवळ पातेलं ढवळणारा माणूस मी डोळ्यांनी पाहिलाय आणि तो वाचला हे त्याचं नशीब. इंडक्शन चांगली वस्तू आहे, पण व्होल्टेज पडलं की ती बंद पडते, आणि शेतात व्होल्टेज कधी पडत नाही ते सांगा. घरगुती मीटर असलेल्या वस्तीवर जरूर वापरा. खोपटात नाही.

गोबरगॅस

ज्यांची जनावरं शेतातच बांधलेली आहेत त्यांना याच्यासारखं दुसरं काही नाही. 25 किलो शेणाला साधारण एक घनमीटर गॅस. एक घनमीटर म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आतबाहेर सिलेंडरचा गॅस. चार-पाच जनावरांवर दोन घनमीटरचं संयंत्र चालतं आणि एका घराचा स्वयंपाक निघतो. वर स्लरी मिळते, तिची किंमत गॅसपेक्षा जास्त आहे असं मी म्हणेन. थंडीत गॅस कमी होतो, कारण आतले जिवाणू सुस्तावतात; शेण कोमट पाण्यात कालवून टाकलं की थोडा फरक पडतो. अडचण एकच, हा गॅस उचलून नेता येत नाही. दोन किलोमीटरवरच्या कापसाच्या रानात त्याचा उपयोग नाही.

लाकूड, तुराट्या, पऱ्हाट्या, पाचट

इथे थोडं थांबू, कारण खरं भांडण इथे आहे.

सगळ्यांचं म्हणणं एकच. “गॅस कशाला? रानात सरपण फुकट पडलंय.” मी पण हेच म्हणायचो. मजुरांना सांगायचो, बांधावरच्या बाभळीच्या काटक्या घ्या, तुराट्या घ्या, काय पाहिजे ते जाळा. आपण उदार आहोत असं वाटायचं.

आता हे फुकट कसं पडतं ते बघा. आमच्याकडे वेचणीला येतं ते एक कुटुंब. नवरा, बायको, नवऱ्याची आई आणि एक लहान पोरगं. वेचणी दहा रुपये किलो. ती बाई दिवसाला 40 किलो वेचते. आठ तासांचे 40 किलो, म्हणजे तासाला पाच किलो, म्हणजे तासाचे 50 रुपये. सरपण गोळा करणं, तोडणं, वाहून आणणं, फुंकून पेटवणं यात तिचे रोज दोन तास जायचे. मी घड्याळ लावून बघितलं. दोन तासांचे 100 रुपये झाले.

आणि त्या चौघांचा दोन वेळचा स्वयंपाक आणि चहा गॅसवर किती होतो? रोज सुमारे 300 ग्रॅम. छोट्या टाकीच्या भावाने 30 रुपये.

म्हणजे 30 रुपयांचा गॅस वाचवायला ती बाई रोज 100 रुपये घालवत होती. आणि ते तिचे गेले, माझेही गेले, कारण दहा किलो कापूस झाडावरच राहिला. वेचणी लांबली की पुढे दव, धूळ, पाला चिकटतो आणि व्यापारी प्रतवारीत भाव पाडतो. ज्याला फुकट म्हणतो ते असं पडतं.

बाकीचा खर्चही आहे. पऱ्हाटीचं बघा. जळणासाठी म्हणून आपण पऱ्हाट्या उपटून बांधाला रचून ठेवतो, उन्हाळाभर. त्यात अर्धवट उमललेली, किडकी बोंडं असतात आणि त्यांच्यात गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत बसलेली असते. जूनमध्ये नवीन कपाशी लावली की पतंग तिथूनच निघतात. कृषी खात्याची माणसं दरवर्षी सांगतात, पऱ्हाट्यांचे ढीग ठेवू नका, बारीक करून जमिनीत घाला. आपण ऐकतो आणि ढीग रचतो, कारण चुलीला लागतं. पाचटाचं तसंच. भुर्रकन पेटतं, भाकरी अर्धी कच्ची अर्धी करपलेली, ठिणगी कोपीवर. तेच पाचट खोडव्यात सरीत आच्छादन केलं तर ओल धरतं आणि कुजून सेंद्रिय खत होतं.

आणि यंदाचं वेगळंच. सप्टेंबरच्या अतिवृष्टीने आमच्या भागात पिकं गेली, माती गेली, आणि लाकूडफाटाही भिजला. ओल्या लाकडाची काही उष्णता स्वतःतलं पाणी वाळवण्यात जाते. वर धूर. तो धूर कोणाच्या डोळ्यात आणि छातीत जातो ते सांगायला नको. पोराला मांडीवर घेऊन भाकरी करणारीच्या.

चुलीच्या बाजूनेही बोलतो, नाहीतर तुम्ही म्हणाल याने चुलीवरची भाकरी खाल्ली नाही. चुलीवरच्या भाकरीची चव गॅसला नाही, मान्य. थंडीत शेकायला लागतं. अंघोळीचं पाणी गॅसवर तापवणं कोणालाच परवडणार नाही, बादलीभर पाण्याला भरपूर गॅस लागतो. रात्री जाळ असला की रानडुक्कर जवळ येत नाही असं वाटतं, आणि हल्ली उसात बिबट्या असतो, त्यामुळे जाळाने जिवाला धीर येतो. म्हणून चूल मोडा असं मी म्हणत नाही. पाण्याला आणि शेकायला चूल ठेवा, जमलं तर दगडांच्या ऐवजी सुधारित चूल मांडून द्या, निम्म्या लाकडात काम होतं. स्वयंपाक मात्र गॅसवर.

आता 2023 चं सांगतो

हे लिहायला बरेच दिवस हात धजत नव्हता.

त्या वर्षी याच कुटुंबातल्या बाईने घरच्यांकडे बोलून दाखवलं, “वहिनी, लहानसा गॅस मिळाला असता तर बरं झालं असतं.” घरच्यांनी मला सांगितलं. मी चौकशी केली. रीतसर पाच किलोची टाकी, अनामत, रेग्युलेटर, शेगडी मिळून अडीच हजारांच्या घरात जात होतं. आठवडी बाजारात तीन किलोची, वरच बर्नर बसवलेली टाकी 900 रुपयांना मिळाली. ती भरून देणारा माणूसही तिथेच. घरगुती टाकी उलटी टांगून लहान टाकीत गॅस उतरवायचा. किलोला 120 रुपये घ्यायचा. म्हणजे रीतसर टाकीपेक्षा किलोला वीस रुपये जास्तच. पण एकेक किलो मिळायचा, आणि सुरुवातीचे दीड हजार वाचले म्हणून मी खुशीत होतो.

पंधरा-वीस दिवस चाललं. मग एका संध्याकाळी भाकरी टाकताना बर्नरच्या खालच्या आट्यातून गॅस गळायला लागला. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो वर उडून जात नाही, जमिनीलगत साचतो. खोपटाला तीन बाजूंनी ताडपत्री, वारा नाही. शेजारी चूल पेटलेली. खालून एकदम भडका झाला. त्या बाईचा उजवा हात कोपरापर्यंत आणि पायाचा थोडा भाग भाजला. पोरगं तिच्या सासूजवळ बाहेर होतं, म्हणून वाचलं. नवऱ्याने पोतं भिजवून टाकीवर टाकलं आणि लाथेने ती बाहेर ढकलली. ती फुटली नाही, एवढंच.

कोणीतरी हाताला शाई लावली, कोणी टूथपेस्ट आणली. हे सांगून ठेवतो, भाजलं की असलं काही लावायचं नाही. वीस मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरायचं, स्वच्छ कापड, आणि दवाखाना. पंप चालू होता, पाणी समोर वाहत होतं, आणि आम्ही पेस्ट शोधत होतो.

दवाखान्याचे 14,000 झाले. ते मी भरले, त्यात मोठेपणा काही नाही. सहा आठवडे तिचा हात बंद. त्या हंगामात तिची कमाई बुडाली ती मी भरून दिली नाही, तेव्हा सुचलंही नाही. पुढच्या वर्षी दिली. जाताना तिने मला काही बोलून दाखवलं नाही. सासू तेवढं म्हणाली, “मालक, आमच्या नशिबात होतं.” नशिबात नव्हतं. मी दीड हजार वाचवले होते.

म्हणून हा माझा ठाम मुद्दा आहे. बाजारात गॅस ओतून भरून घेतलेली टाकी शेतावर येऊ द्यायची नाही. मजुरांनी स्वतः आणली तरी नाही. हे भरणं बेकायदा आहे, पण कायद्यापेक्षा कारण महत्त्वाचं. कारखान्यात टाकी भरताना वर मोकळी जागा ठेवतात, कारण उन्हात गॅसचं पाणी फुगतं. रस्त्यावर भरणारा अंदाजाने भरतो. काठोकाठ भरलेली टाकी उन्हात ठेवली तर फुगायला जागा राहत नाही. वर त्या टाकीची कधी तपासणी झालेली नसते.

मग मी काय केलं

2024 च्या हंगामात तेच कुटुंब आलं. येतील असं वाटलं नव्हतं. ते यायच्या आधी मी पाच किलोची रीतसर टाकी घेऊन ठेवली. ही टाकी घ्यायला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र चालतं, एजन्सीत आणि काही पेट्रोल पंपांवरही मिळते. रिकामी देऊन भरलेली आणायची. भाव व्यावसायिक गॅसचा, म्हणून घरगुतीपेक्षा महाग, पण मोटारसायकलवरून येते आणि घरगुती कार्डाशी संबंध नाही.

त्यांचा मुक्काम 75 दिवसांचा होता. गॅस लागला 22 किलोच्या आसपास, म्हणजे पाच वेळा भरून आणला. 2,500 रुपये. त्यांनी वेचलेला कापूस 50 क्विंटल. क्विंटलला 50 रुपये पडले. वेचणीच क्विंटलला 1,000 रुपये देतो आपण. 2025-26 च्या हंगामात मध्यम धाग्याचा हमीभाव 7,710 आणि लांब धाग्याचा 8,110 होता. तो हातात पडतो की नाही हे वेगळं दुखणं आहे, पण त्यातले 50 रुपये माणसाच्या चुलीला देता येत नसतील तर आपलं गणित दुसरीकडेच कुठेतरी चुकलंय.

आणि वेचणी आठ-दहा दिवस आधी उरकली. सगळं श्रेय गॅसला देणार नाही, त्या वर्षी पाऊसही उघडला होता. पण ती बाई सकाळी सातला सरीत दिसायची, आधी नऊला दिसायची. हे मी बघितलं.

स्वस्तातली वाटही आहे. त्या कुटुंबाचं गावाकडे उज्ज्वलाचं कनेक्शन असेल तर 2025-26 या आर्थिक वर्षात नऊ टाक्यांपर्यंत टाकीमागे 300 रुपये अनुदान होतं. उज्ज्वलात 14.2 किलोऐवजी पाच किलोच्या टाक्याही घेता येतात. कनेक्शन नसेल तर 2021 पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरित कुटुंबाला रेशनकार्ड किंवा पत्त्याचा पुरावा लागत नाही, स्वयंघोषणापत्र चालतं. हे बहुतेक ऊसतोड मजुरांना माहीतच नाही. मुकादम सांगत नाही, आपण सांगत नाही. राज्याच्या अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन टाक्या भरून मोफत आहेत. पण खरी अडचण अशी की टाकी गावाकडे आणि माणूस पाच महिने फडावर. अनुदान घराच्या पत्त्यावर राहतं आणि चूल शेतात पेटते. ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ आहे, कारखाने आहेत, मुकादमाशी उचलीचा करार होतो. त्या करारात कोयत्यामागे एक पाच किलोची टाकी लिहिली तर फडावरच्या हजारो चुलींचा प्रश्न सुटेल. कारखान्याच्या सभेत मी हे बोललो. लोक हसले. पुन्हा बोलणार आहे.

टाकी घेताना

• टाकीच्या वरच्या पट्टीवर अक्षर आणि आकडा असतो, उदाहरणार्थ बी-27. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. बी-27 म्हणजे जून 2027 पर्यंत तपासणीची मुदत. मुदत गेलेली टाकी परत करा.

• सील बघा, वजन करून घ्या. रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच लिहिलेलं असतं.

• टाकी उभी, सावलीत. शेगडी टाकीपेक्षा उंच, फळीवर किंवा विटांवर.

• खोपटाला खालच्या बाजूने वीतभर फट ठेवा. गॅस खालीच साचतो.

• चूल आणि टाकी एका छपराखाली नाही. आमच्याकडे हेच चुकलं होतं.

• गळती बघायला साबणाचा फेस. काडी नाही.

• नळी वर्षा-दोन वर्षांनी बदला. उंदीर कुरतडतात, शेतात तर जास्तच.

पुतण्याचा ट्रेकवाला स्टोव्ह वाईट नाही. डोंगरावर दोन दिवस जाणाऱ्याला वजन महत्त्वाचं, त्याला 60 रुपयांचं पाणी परवडतं. आपल्याला नाही. एखाद्या रात्री बाऱ्यावर चहापुरता ठेवायचा तर ठेवा.

दिवसा वीज मिळायला लागली, सौर पंप वाढले, तर आपलं रात्रीचं शेतात राहणं कमी होईल. मजुरांचं होणार नाही. त्यांचं घर तेवढे महिने आपल्या बांधावरच असतं. माणसं येण्याआधी आपण बियाण्याची पिशवी आणतो, फवारणीचा पंप दुरुस्त करतो. यंदा त्या यादीत एक टाकी लिहा.

यंदा ते कुटुंब येईल का माहीत नाही. कापूस निम्मा गेलाय, वेचायला फार नाही. फोन केला होता. बाईच म्हणाली, “मालक, गॅस भरून ठेवा, आम्ही येतो.” टाकी काल भरून आणली. 500 रुपये. वहीत लिहिले.

तुमच्याकडे छोटी टाकी कितीला भरून मिळते आणि सरपणात किती तास जातात, एक दिवस घड्याळ लावून बघा आणि खाली लिहा. तालुक्यानुसार यादी करून टाकतो.